चार नंबरमध्ये गाडी आली

वहिनी, अहो वहिनी! आहात का मागे? कढीपत्ता तोडलाय, घ्या भिंतीवरून. जास्त वाटला तर धुऊन फ्रीजमध्ये टाका. आणि बातमी कळली का? चार नंबरमध्ये गाडी आली!

मला आमच्या बाईंकडून कळलं. "काकू, चार नंबरवाल्यांनी नवी गाडी घेतली, साठ हजाराची." मी म्हटलं, साठ हजारात आजकाल धड स्कूटरही येत नाही, मग ही कसली गाडी? तरी शेजारधर्म म्हणून संध्याकाळी गेले. म्हटलं, पेढा तरी मिळेल. तर पोर्चमध्ये काय उभं? बाबागाडी! खोटं नाही सांगत. काळीभोर, तीन चाकांची, आणि चाकं पंपाने हवा भरायची. मुलगा परदेशातून येताना घेऊन आला. पेढा नाही मिळाला, पण गाडी दाखवायचा सोहळा चांगला तासभर चालला. हे असं उघडतं, ते तसं मिटतं, इथे पाण्याची बाटली, इथे मोबाइल. मी आपलं सहज विचारलं, "फाटकातून जाते का?" सगळे गप्प.

जात नाही हो! आपल्या ओळीतल्या सगळ्या घरांना ते लहान फाटक आहे ना, माणूस जाण्यापुरतं, त्यातून ती जातच नाही. मोठं गेट उघडावं तर मध्ये त्यांची मोटार उभी. म्हणजे बाळाला फिरायला न्यायचं तर आधी आजोबांनी मोटार रस्त्यावर काढायची, मग बाळाची स्वारी निघणार, मग मोटार परत आत. आजोबांनी थोडे दिवस केलं. मग म्हणाले, त्यापेक्षा गच्चीत फिरवा त्याला. आता त्या गाडीच्या दांड्यावर पंचे वाळत असतात. तुमच्या गच्चीवरून दिसतील, बघा सकाळी.

आणि तीन चाकं कशासाठी असतात ठाऊक आहे का? धावायला. ओझरवाल्या काकांनी सांगितलं. अमेरिकेत वर्तमानपत्रात काम करणारा एक जण होता, त्याला रोज पळायची सवय. मूल झालं तर पळणं सोडवेना आणि पोरालाही सोडवेना. त्याने १९८४ च्या सुमारास गाडीला सायकलची चाकं लावून ही तऱ्हा काढली. पण चार नंबरचा मुलगा पळतो कुठे? त्याला मी दूधवाल्याच्या हाकेलाही घाईने उतरलेला पाहिला नाही. शिवाय पळायचं म्हटलं तरी बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत गाडीत घालून पळायचं नसतं, त्याची मान तेवढे हिसके सोसण्याइतकी कुठे घट्ट झालेली असते? पण सांगतंय कोण. मी चहा घेतला, तोही बिनसाखरेचा, आणि आले.

बरं ते जाऊ दे. तुमच्या लेकीचं काय ठरलं? सातवा लागला म्हणजे आता येईलच ती इकडे. जावयांनी पाठवलेली यादी मी नीट वाचली, तुम्हीच तर फॉरवर्ड केलीत. काय एकेक अटी! एकाच गाडीत तान्हं निजलं पाहिजे, अडीच वर्षांची नात बसली पाहिजे, ती मोटारीत मावली पाहिजे, विमानात नेता आली पाहिजे, रस्ता कसाही असो चालली पाहिजे, आणि वर पाच वर्षं टिकली पाहिजे. लग्न ठरताना तुमच्या लेकीसमोर एवढ्या अटी नव्हत्या ठेवल्या त्यांनी.

हसू नका. चांगले आहेत जावई, मनापासून बघतायत सगळं. फक्त ते गाडी बघतायत आणि बघायला हवं घर. गाडी काय काय करते हे प्रत्येक खोक्यावर लिहिलेलंच असतं. ती उचलणार कोण, मिटवून ठेवणार कुठे आणि कुठल्या दारातून जाणार, हे कुठल्याच खोक्यावर नसतं.

आता बघा, लेकीचं घर पुण्यात वाकडला, सातवा मजला. जावई सकाळी हिंजवडीला गेले की दिवसभर घरात कोण? लेक. बाळंतपणानंतर तुम्ही गेलात तर तुम्ही. मोठ्या गाड्या १२-१३ किलोपर्यंत भरतात, वर तुमची नात १२ किलोची असेल. लिफ्ट बंद पडली, किंवा खाली पार्किंगला त्या चार पायऱ्या आहेत म्हणालात ना, तिथे ती उचलणार कोण? आणि देव न करो, सिझेरियन झालं तर डॉक्टर पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नको म्हणतात. घडी होणाऱ्या हलक्या गाड्या ६-७ किलोत मिळतात. एका हाताने मिटते का ते बघायचं, कारण दुसऱ्या हातात बाळ असतं. दुकानातला पोरगा दोन हातांनी मिटवून दाखवतो आणि म्हणतो, "एकदम सोपं आहे मॅडम." त्याला म्हणावं, दुसऱ्या हातात ही पर्स धर आणि मग मिटव.

आणि डिकी! जावयांची मोटार सीएनजीची ना? मागच्या दिवाळीला आले होते तेव्हा पाहिली मी. अर्धी डिकी त्या टाकीने खाल्लेली. तुमचे लाडवाचे डबेसुद्धा मागच्या सीटवर ठेवावे लागले होते, आठवतं? त्यात ही गाडी घालायची, बाळाच्या दुपट्यांची बॅग घालायची, नातीची सायकल घालायची. म्हणून गाडी घ्यायच्या आधी डिकीत टाकी सोडून उरलेली लांबी, रुंदी, उंची मोजायला सांगा. मिटलेल्या गाडीचं माप कंपनी देतेच, ते त्याच्याशेजारी मांडायचं. पाच मिनिटांचं काम आहे, पण लोक रंगावर तासभर घालवतात. राखाडी घ्यावी की निळी! अहो, पहिल्या वरणभाताला सगळे रंग एक होतात.

हो, दोन पोरांची जोडगाडी म्हणताय ना, तेही मी बघितलं त्या यादीत. शेजारी शेजारी दोघांना बसवायची असेल तर ती ७५ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते. आता लिफ्टचं दार बघा, कुठे ७० सेंटिमीटर असतं, कुठे ८०. म्हणजे सातव्या मजल्यावरून खाली यायचं की नाही हे त्या पाच सेंटिमीटरवर. दुसरी तऱ्हा मागेपुढे बसायची. ती रुंदीला एका गाडीएवढीच, पण लांबी अशी की वळवताना पुढचं चाक कुणाच्या तरी चपलेवर. जुळी असतील तर इलाज नाही, त्यांना जोडगाडीच लागते. तुमच्या नातीत आणि बाळात अडीच वर्षांहून जास्त अंतर पडतंय. तिच्यासाठी कशाला?

कारण अडीच-तीन वर्षांचं पोर गाडीत बसतं किती? आमच्या नातवाचं मी बघितलंय. घरातून निघताना "मी चालणार". कोपऱ्यावर गेलं की "मला घे". भाजीवालीपाशी पुन्हा "उतरव". त्याला बसायला गाडी नको असते, दमल्यावर टेकायला काहीतरी हवं असतं. त्याच्यासाठी एक फळी मिळते, दोन चाकांची, गाडीला मागून अडकवायची. मोठं मूल त्यावर उभं राहतं आणि दांडा धरतं. साधारण २० किलोपर्यंतचं मूल चालतं. पोरांना फार आवडते, रिक्षाच्या मागे लटकल्याची मजा! एकच आहे, ढकलणाऱ्याच्या नडग्या त्या फळीवर आपटतात. लेक उंच आहे तुमची, लांब ढांगा टाकते, तिने आधी चालून बघावं. आणि ती फळी आपल्या गाडीला बसते का हे दुकानात बसवूनच पाहायचं, "सगळ्यांना बसते हो" यावर जायचं नाही.

दुसरं म्हणजे मत्सर. तो कुठल्या खोक्यावर लिहिलेला नसतो. नातीची जुनी गाडी आहे ना अजून? तिच्यात उद्या बाळ निजवलं तर घरात रामायण होईल. "माझी गाडी!" तिला आधीपासून काहीतरी काम द्यावं. आमच्या भाचीने मोठीला ब्रेक लावायचं काम दिलं होतं. गाडी थांबली की ही पायाने तो खटका दाबणार आणि मोठ्याने ओरडणार, "लागला!" आईने गुपचूप परत तपासायचा, ते वेगळं. पण त्या पोरीने बाळाला एकदाही चिमटा काढला नाही.

थांबा, गॅस बारीक करून येते.

हं, तर काय म्हणत होते? ओझरवाले काका. आमच्या सुनेने गाडी घेतली ना, ती छत्रीसारखी मिटणारी, तेव्हा काका आमच्याकडे पेपर मागायला आले होते. ते एचएएलमध्ये होते, ओझरला मिग विमानं बनायची तिथे, विमानाच्या चाकांच्या विभागात. गाडी दिसली तसे पेपर विसरले. चष्मा कपाळावर, गुडघे टेकून खाली, आणि त्या बिजागरीकडे असं बघतायत जशी कुणी हरवलेली बहीण भेटली. मला म्हणाले, "वहिनी, ही विमानाची चाकं आहेत." मी म्हटलं, झालं, काकांना ऊन लागलं. पण खरं निघालं. मॅक्लारेन नावाचा इंग्लंडातला माणूस, विमानांचा इंजिनिअर. महायुद्धातलं ते स्पिटफायर विमान, त्याची चाकं पंखांत मिटून घ्यायची जी रचना असते, त्यावर काम केलेला. म्हातारपणी लेक नातवंडाला घेऊन आली, बरोबर भली जड गाडी. तिची ती ओढाताण बघून आजोबांनी १९६५ मध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्यांची गाडी आखली, एका झटक्यात मिटणारी. वजन किती? पावणेतीन किलोच्या आतबाहेर! १९६७ पासून ती विकायला लागली, आणि तेव्हापासून बाया गाडी काखेत मारून बसमध्ये चढायला लागल्या. आजोबा असावा तर असा. आमच्या ह्यांनी नातवाच्या गाडीला आजवर एकदा तेल घातलंय, तेही खोबरेल.

त्याच्याआधीच्या गाड्या म्हणजे नुसता थाट. काका सांगत होते, इंग्लंडातच १७३३ मध्ये विल्यम केंट म्हणून बागा आखणाऱ्या एकाने कुठल्याशा ड्यूकच्या मुलांसाठी गाडी केली, ती बकरीने नाहीतर छोट्या तट्टाने ओढायची. म्हणजे पोरांना ढकलायला तेव्हाही घरात कुणी रिकामं नव्हतं.

पण त्या छत्रीगाडीचं एक आहे हं, वहिनी, ती तान्ह्या बाळाची नाही. तिची पाठ पूर्ण आडवी होत नाही, आणि कापडाची बैठक झोळीसारखी खाली जाते. तान्हं त्यात गोळा होऊन बसतं, हनुवटी छातीला टेकते, श्वास कोंडतो. मान धरायला तीन-चार महिने लागतात, आधाराशिवाय बसायला सहा. तोवर पाठ सपाट हवी. म्हणजे गाडी घेताना पाठ पूर्ण खाली जाते का ते बघायचं. "बऱ्यापैकी जाते" म्हणाला तर पुढचं दुकान.

आता तुम्ही म्हणाल, पहिले सहा महिने वेगळी गाडी आणि नंतर वेगळी, एवढा खर्च? अहो, पहिला सव्वा महिना तर बाळ-बाळंतीण इथेच असणार, तुमच्याकडे. अंघोळ, मालिश, शेक, धुरी यातून बाहेर पडतंय कोण? पुढे लेक वाकडला जाईतो दोन-अडीच महिने निघून जातील. मग राहतात किती दिवस? त्यासाठी कडेवर, झोळीत, मांडीवर आहेच की. खालच्या बागेत जायला हवीच असेल तर आडवी होणारी गाडी कुणाकडून तरी मागून आणायची. आपल्यात बाळाचा पहिला कपडासुद्धा दुसऱ्याच्या घरचा जुना आणतात, पाळणा तर घराण्यातल्या दहा घरांत फिरलेला असतो. गाडी फिरली तर बिघडलं कुठे? आमच्या सुनेची गाडी आता डोंबिवलीला भाचीकडे आहे, तिसरं पोर बसतंय तिच्यात. फक्त मागून आणली तर पट्टे ओढून बघायचे, पाच टोकांचे हवेत, दोन खांद्यांवरून, दोन कमरेकडून आणि एक पायांमधून. आणि उतारावर उभी करून ब्रेक धरतो का बघायचं. तुमच्या घरासमोरचा उतार आहेच त्यासाठी.

वजनाचं बघा हं पण, मोठीच्या दृष्टीने. पुष्कळ गाड्यांवर १५ किलोपर्यंत असं लिहिलेलं असतं. तुमची नात १२ ची आहे, म्हणजे वर्ष-दीड वर्षात तिची त्या गाडीतून सुट्टी. २२ किलोपर्यंतच्याही मिळतात. पाच वर्षं टिकायला हवी असं जावयांचं म्हणणं असेल तर कापडाच्या आधी तो आकडा वाचायला सांगा.

काय? दांड्याला पिशवी? अजिबात नाही! माझ्या नणंदेच्या सुनेचं सांगते. बुधवारच्या बाजारात गेली, गोदाकाठी. दांड्याला कांदे, टोमॅटो, वर एक कलिंगड. पोरगं गाडीत आहे तोवर तोल धरलेला. पोरगं रडलं म्हणून तिने उचललं मात्र, गाडी उताणी! कलिंगड फुटलं, टोमॅटो घाटाच्या पायऱ्यांनी थेट गोदामाईकडे. नशीब की पोर हातात होतं. खाली जाळीची टोपली असते ना, ओझं तिच्यात टाकायचं, दांड्याला काही नाही.

आणि ही ओढणी टाकायची टपावर, ऊन लागू नये म्हणून, ती फार वाईट खोड. तुम्ही एप्रिलमधलं आपलं नाशिक बघता ना, चाळीसला टेकतं. टपावर ओढणी टाकली की आत हवा खेळत नाही, भट्टी होते आतमध्ये, आणि बाहेरून आपल्याला वाटतं की काय छान सावलीत झोपलंय. त्यापेक्षा उन्हात जाऊच नये. इंदिरानगरच्या ट्रॅकवर मी सकाळी सातला बघते, एक आई येते, टप मागे टाकलेला, पोरगं मजेत पाय हलवत असतं.

बिजागरीचं मात्र लेकीला बजावून सांगा. मोठीची बोटं. गाडी उघडताना-मिटताना मोठं पोर नेमकं शेजारी येऊन उभं राहतं आणि हात घालतं. त्याच मॅक्लारेनच्या कंपनीला २००९ मध्ये अमेरिकेत जवळपास १० लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांवर झाकणं द्यावी लागली होती, १२ पोरांच्या बोटांची टोकं गेल्यावर. हे सांगताना काकांचा आवाज उतरला होता. स्वतःच्या खात्यातलं काही चुकावं तसा. कुठल्याही कंपनीची असो, मिटवायच्या वेळी पोर चार हात लांब. तेवढं एक नक्की.

चाकांचं काय म्हणालात? वाकडला सोसायटीत पेव्हर ब्लॉक आहेत ना, मग लहान प्लॅस्टिकची चाकं नकोत. खडखडखडखड होतं, झोपलेलं बाळ उठतं, आणि फटीत अडकलं की पुढचं चाक आडवं फिरून बसतं. हवेची मोठी चाकं रस्त्याला झकास, पण पंक्चर कोण काढणार? मधली असतात, फोमची भरीव, ती बघायची. पुढची चाकं फिरती हवीत आणि खटका दाबला की सरळ राहणारी. गटाराच्या जाळ्या बघितल्यात ना, तिथे मात्र कुठलंच चाक कामाचं नाही. उचलायची. म्हणून तर म्हणते, हलकी घ्या.

ते तीन-एकात वालं? ज्यात मोटारीतली सीट काढून गाडीवर बसवता येते? त्यातली सीट महत्त्वाची, बाकीचं राहू दे. नाशिक-पुणे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, आणि बाळ तुमच्या मांडीवर? पूर्वी चालायचं, आपण आपली पोरं तशीच आणली, पण तेव्हा सिन्नरच्या घाटात एवढे ट्रक नव्हते. २०१९ ला कायदाही बदलला, पोराला पट्टा नाहीतर त्याच्या मापाची सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे. दंड राहिला बाजूला, जीव मोठा. फक्त त्या सीटमध्ये बाळ तासन्‌तास निजवून ठेवायचं नाही. सीटमध्येच झोपलंय म्हणून घरी आणून तसंच ठेवतात काही जण. संगमनेरला थांबा, काढा, पाजा, पाठ सरळ करू द्या. नारायणगावला परत. पोहोचायला उशीर झाला तर होऊ दे, जावई रागावतील तर माझं नाव सांगा.

विमानाचं मी ऐकूनच घेतलं नाही. वर्षातून एकदा कुठे जातात, आणि मोठी गाडीसुद्धा पुष्कळदा विमानाच्या दारापर्यंत नेता येते, तिथे चिठ्ठी लावून खाली घेतात. वरच्या कप्प्यात मावणारी, मिटून साधारण ५२ बाय ४४ बाय १८ सेंटिमीटर होणारी मिळते, पण तेवढ्यासाठी तिप्पट पैसे?

आता दुकानात जायचं कसं, ते ऐका. कॉलेज रोडला जाऊ आपण, मी येते. बरोबर दहा किलोची आट्याची पिशवी घ्यायची. का म्हणजे? रिकाम्या गाड्या सगळ्याच छान पळतात. पिशवी बसवायची, पट्टा लावायचा आणि एका हाताने ढकलायची, मग दुकानाच्या उंबऱ्यावरून उतरवायची, वळवायची. कुठली रडते ते तिथेच कळतं. आमच्या सुनेने केलं होतं, दुकानदार बघत राहिला. आणि रिकामी गाडी हलवायची नाही हे तुमच्या विहीणबाईंचं म्हणणंही सांभाळलं जाईल. हो ना, रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, मग रिकामी गाडी तरी कशी ढकलायची! बाळ यायच्या आधी घरात काही आणायचं नाही म्हणत असतील तर तेही ठीक. बघून ठेवू, ठरवून ठेवू, बारशानंतर आणू. सहा-सात हजारांपासून बारा-पंधरापर्यंत चांगली मिळते, चार नंबरसारखं घर गहाण टाकायला नको.

एक मात्र लक्षात ठेवा, कुणी भेट म्हणून तो वॉकर आणेल, त्यात पोराला बसवतात आणि ते घरभर सरकतं, तो घ्यायचा नाही. जिन्यावरून जातं पोर खाली. कॅनडात तर २००४ पासून बंदीच आहे विकायला. तुमच्या माळ्यावर लेकीचा तो लाकडी पांगुळगाडा आहे ना अजून? तो काढा, घासून तेलपाणी करा. त्यात पोर बसत नाही, धरून उभं राहतं आणि स्वतःच्या पायांनी ढकलतं. मी म्हणते तोच बरा.

बरं, मी जाते, ह्यांची जेवायची वेळ झाली. तुम्ही जावयांना आज रात्रीच फोन करा, लिफ्टचं दार, डिकी आणि बाल्कनीतला गाडी ठेवायचा कोपरा, तिन्ही मापं पाठवा म्हणावं. आणि इथलं फाटकही मोजून ठेवा, दिवाळीला गाडी इकडेच येणार आहे. टेप ओझरवाल्या काकांकडे आहे, स्टीलचा, पाच मीटरचा. पण मागायला तुम्ही जा हं. मी गेले की मिगपासून सुरू होतं, आणि पोळ्या राहतात.